गंगम्मांची पुरचुंडी

ज्या संस्थेची तपासणी, ती संपेपर्यंत तिथला चहा घ्यायचा नाही, हा तपासनीस म्हणून माझा नेम होता. धाडस कमी असलेला माणूस असे नेम सांभाळत नोकरी काढतो.

भूकंपाला सहा वर्षं झाली होती. लातूरला बिलकीसबींच्या महिला पतसंस्थेची तपासणी माझ्याकडे आली. दागिना ठेवून घेऊन बायकांना बिनव्याजी पैसे देणारी संस्था. बहुतेक जणी लेकरांच्या शिकवणीच्या फीसाठी यायच्या. वजन झालं की दागिना कापडात घालून बाई स्वतःच्या हातानं पुरचुंडी शिवून द्यायची.

माझ्याजवळचा छापील तक्ता मात्र मोठ्या बँकांसाठी केलेला. व्याजाचा दर? नाही. पहारेकरी? नाही. लाखेचं सील? नाही. अकरा 'नाही' झाले. दहाच्या वर गेले की परवाना थांबवण्याची शिफारस करावी लागे. मग दीडशे जणींचे दागिने कुलपात अडकणार.

"साब, आमची संस्था बंद करून राहिले का?" बिलकीसबींनी विचारलं.

"तक्त्याप्रमाणे तर..." मी कागद चाळत म्हणालो.

"माझ्या मापाचं पोलकं बिलकीसला घालून बघा," खजिनदार गंगम्मा कोपऱ्यातून म्हणाल्या, "मग कळंल तुमचा तक्ता."

मी वरमलो. पण खरंच, इथं बिघडू शकतं ते काय? व्याज जास्त घेण्याचा प्रश्नच नव्हता. पुरचुंडीतलं सोनं ज्याचं त्याचं आहे ना, एवढंच.

"सील का नाही लावत?"

"भूकंपात कपाट पडलं. लाख फुटली, चिठ्ठ्या गळाल्या. टाके तेवढे टिकले," बिलकीसबी म्हणाल्या. "दर बाईनं आपला टाका ओळखला. एक मणी न्हाई हुकला."

मी तक्ता बाजूला ठेवला, वहीतले पाच खातेक्रमांक मनानंच निवडले आणि त्या बायकांना बोलावलं. चौघींनी आधी टाका ओळखला, मग दोरा तोडला. वजनं वहीशी जुळली. पाचवी पुरचुंडी गंगम्मांचीच निघाली. त्यांनी ती दोनदा फिरवून पाहिली.

"हे माझं न्हाई."

बिलकीसबींनी वहीत डोकं घातलं. छापील तक्ता सोडून शहाणपणा करायला मला कुणी सांगितलं होतं?

मग बिलकीसबींनीच डोकं वर केलं. "गंगम्मा, ही ठेवली तवा डोळ्याला पट्टी व्हती ना तुमच्या?"

"अगं बाई! अक्षरानं शिवली व्हती की!"

निरोप गेला, तशी त्यांची नात अक्षरा शिकवणीतून दप्तरासकट आली. "आजी, फिजिक्सचा तास बुडाला माझा!" पुरचुंडीकडे बघून म्हणाली, "माझीच ही. शेवटी दोन गाठी मारते मी."

"पोत्याला घातल्यागत टाके! मी कशी वळखणार?" म्हणत गंगम्मांनी दोरा तोडला. पाटल्या निघाल्या. वजन बरोबर.

अकरा प्रश्न इथं का लागू नाहीत आणि त्याऐवजी मी काय तपासलं, हे कोऱ्या कागदावर लिहिलं. ते वरिष्ठ आप्पासाहेबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"परवाना चालू ठेवा," शेवटी ते म्हणाले. "अशा संस्थांचा वेगळा तक्ता हवाच होता. आता तुम्हीच करा."

फोन ठेवला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी हसून मान डोलावली. मग म्हणालो, "चहा मिळेल का?"

"कवाचा निवला की, साब!"

"तसाच द्या."

दोन कप प्यालो.