शालिग्रामच्या घरची खिरापत

डोणगावच्या खालच्या आळीत एक कडुलिंब होता. त्याच्याखाली शालिग्रामची बाज असे आणि बाजेवर शालिग्राम असे. दुपार झाली की सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला सरके. दुसऱ्या कोणी बाज ओढून तिकडे नेली असती. शालिग्राम उन्हातच पडून राही. सावली काय, उद्या सकाळी इथंच परत येणार आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

माणूस वाईट नव्हता. कोणाशी भांडण नाही, व्यसन नाही, मुलीवर जीव. शेत बटईनं दिलेलं, घर बायकोनं, गीताबाईनं, सांभाळलेलं. त्याला काही काम सांगितलं की तो 'करतो ना' म्हणे आणि ते काम त्या दोन शब्दांतच संपून जाई.

भादव्याची पुनव झाली आणि घरोघरी भुलाबाई बसल्या. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, त्यात मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरत आणि शेवटी ज्या घरची पाळी असेल तिथं खिरापत ओळखत. घरच्या बाईनं खाऊ झाकणाच्या डब्यात लपवायचा, डबा हलवून दाखवायचा आणि मुलींनी आवाजावरून, वासावरून नाव सांगायचं. ओळखला तर मुली जिंकल्या. नाही ओळखला तर घर जिंकलं, आणि त्या घरच्या मुलीची मान वर्षभर ताठ. खाऊ काय, जिंको की हरो, वाटायचाच.

त्या वर्षी शालिग्रामच्या घरची पाळी आली आणि नेमकं गीताबाईला सुलतानपूरला जावं लागलं. भावजय बाळंत होणार होती. जाताना तिनं शेंगदाणे भाजून, सोलून पितळी डब्यात भरले, वर गुळाचा खडा ठेवला आणि नवऱ्याला समजावून सांगितलं, की फक्त कुटायचं आणि लाडू वळायचे, यात चूल पेटवायचीही गरज नाही. शालिग्राम म्हणाला, करतो ना. गीताबाईनं एसटीत चढेपर्यंत तीनदा मागं वळून पाहिलं.

त्यांची मुलगी अनशी तिसरीत होती. तिच्या घरची पाळी आली हे कळल्यावर शाळेतल्या मुलींनी तिला चिडवून घेतलं होतं. शालू नावाची मोठी मुलगी म्हणाली होती, तुझ्या घरी काय, आम्हाला बाजेवर निजायची खिरापत मिळणार. अनशीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की आमची खिरापत माझे बाबा करणार आहेत आणि ती तुमच्यापैकी एकीलाही ओळखता येणार नाही. पाळीच्या दिवशी शाळेत जाताना तिनं भुलाबाईपुढं हात जोडले आणि बापाला विचारलं, "बाबा, करान ना?"

"करतो ना," शालिग्राम म्हणाला. "तू पाहू नको मात्र. तुह्या तोंडून फुटन."

हे तिला पटलं. शाळेतून आल्यावर ती घरात पाऊलही न टाकता परस्पर मुलींबरोबर गाणी म्हणायला गेली.

शालिग्रामनं दुपारी डबा बाजेशी आणून ठेवला होता, म्हणजे कामाला सुरुवात झालीच होती. खलबत्ता मात्र घरात होता. तो आणायला उठण्यापूर्वी दाणे नीट भाजलेत का, हे पाहायला त्यानं दोन दाणे तोंडात टाकले. नीट होते. गुळाबरोबर कसे लागतात तेही पाहायला हवं होतं. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा तोंड कोरडं होतं, म्हणून पुन्हा चार दाणे. ऊन उतरलं, की कुटू. ऊन उतरलं तेव्हा त्यानं डब्यात हात घातला आणि बोटं पितळेच्या बुडाला लागली.

गल्लीच्या तोंडाशी टिपऱ्या वाजत होत्या.

शालिग्राम घरात धावला, आणि तो धावल्याचं कोणी पाहिलं नाही हे गल्लीचं नुकसानच. फळीवर मिरच्या, मीठ, तुरीची डाळ. भिंतीतल्या कोनाड्यात अनशीचे सागरगोटे दिसले. त्यानं ते डब्यात टाकले, झाकण घट्ट दाबलं, हलवून पाहिलं. छान वाजत होते. पुढं काय, याचा विचार करायला वेळ नव्हता, आणि विचार करणं हेही एक कामच.

अंगणात मुलींबरोबर शेजारीही आले. गीताबाई नसताना शालिग्रामनं खिरापत केली, ही गोष्ट पाहण्यासारखी होती. सोजराबाई म्हातारी शेळी घेऊन आली. ती घटकाभरासाठीही घराला कुलूप लावी आणि किल्ली शेळीच्या गळ्यात बांधी, कारण माणसाच्या गळ्यातली किल्ली चोर ओळखतो. तुळशीराम आला. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे आपल्याला वासावरून कळतं, असा त्याचा दावा होता आणि तो रोज चुकूनही टिकून होता. आणि नारायणराव आले. ते मेहकरच्या कोर्टात बेलीफ होते. आधी मध्यप्रदेशाची, मग मुंबई राज्याची, शेवटी महाराष्ट्राची समन्सं त्यांनी एकाच सायकलवर बजावली होती. आता पेन्शनीत निघाल्यावर गल्लीत कोंबडी जरी दुसऱ्याच्या अंगणात गेली, तरी ते दोन्ही बाजू ऐकून घेत.

गाणी झाली. शालिग्रामनं बाजेवर बसूनच डबा हलवला. अनशी त्याच्याजवळ उभी होती, त्याच्या खांद्याला टेकून.

मुलींनी करंज्या म्हटल्या, शंकरपाळे म्हटले, खारका म्हटल्या. प्रत्येक नावाला अनशी "चूक" म्हणे आणि बापाकडं बघे, आणि तो मान हलवी. शालूनं सांजोऱ्या म्हटल्या, तेव्हा तर अनशी हसली. आपला बाप एवढं कठीण काही करू शकतो, हे तिलाही आजच कळत होतं. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि शालिग्रामला तो हात पाण्याच्या घागरीसारखा जड वाटू लागला.

बेबी म्हणून सगळ्यांत लहान पोर होती. ती बहिणीच्या कडेवरून बराच वेळ डब्याकडं बघत होती.

"काईच नाई त्याच्यात," ती म्हणाली.

सगळे हसले. अनशी मात्र चिडली. "गप बस. माह्या बाबानं सक्कायपासून केली," ती म्हणाली, आणि बेबीचा ओठ वाकडा झाला. शालिग्रामनं खाली पाहिलं. बाजेखाली गुळाचा एक कण पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मग मोठ्या माणसांना राहवेना. तुळशीरामनं डबा नाकाशी धरला, डोळे मिटले आणि आत आंब्याचं लोणचं असल्याचं जाहीर केलं. मागच्या साली त्या डब्यात खरंच लोणच्याचा मसाला होता. सोजराबाईचं मत पडलं, की ज्या अर्थी शालिग्राम डबा सोडत नाही, त्या अर्थी आत दागिना असावा. नारायणरावांनी घसा साफ केला. डबा घरधन्याच्याच हातात राहणं नियमाला धरून नाही, म्हणाले. घरच्या मुलीच्या हातात द्या, ती हलवील.

शालिग्राम म्हणाला, राहू द्या, सांडेल. नारायणराव म्हणाले, झाकण लावलेलं आहे. आणि डबा अनशीच्या हातात गेला.

तिनं तो हौसेनं वर धरला आणि हलवला.

मग तिनं तो पुन्हा हलवला, हळू, कानाजवळ नेऊन. ते सागरगोटे तिनं मागच्या उन्हाळ्यात काटेरी शेंगांतून स्वतः काढले होते. सारा पावसाळा ओट्यावर बसून ती त्यांच्याशी खेळली होती. त्यांतला एक थोडा चिरलेला होता आणि तो वेगळा वाजे. तिनं बापाकडं पाहिलं. शालिग्राम कडुलिंबाकडं बघत होता.

"शेंगदाण्याचे लाडू," शालू म्हणाली.

अनशीनं डबा कानापासून खाली घेतला. मग म्हणाली, "चूक." आधीच्यासारखं नाही, अगदी बारीक आवाजात.

मुली थकल्या. शालूनं टिपऱ्या काखेत मारल्या आणि हरलो म्हणून कबूल केलं. आता उघड, म्हणाली. हा मान अनशीला शाळेत सगळ्यांसमोर हवा होता आणि आता तो मिळाला होता. ती दोन्ही हातांनी झाकण दाबून उभी राहिली. म्हणाली, उद्या सांगते. मुलींनी गलका केला. नारायणराव म्हणाले, कारण दिल्याशिवाय पुढची तारीख मिळत नसते.

"कारन हाये, आबा," अनशी म्हणाली. तिचं लक्ष मांडवातल्या भुलाबाईकडं गेलं आणि तिनं ते लगेच काढून घेतलं. "बाबानं लाडू केले होते. खूप केले होते. मंग मांजर आली न्..."

शालिग्राम बाजेवरून उठला. तो उठला म्हणून सगळे गप्प झाले. इतकं ते दिसायला नवं होतं.

"मांजर नाई आली," तो म्हणाला. "लाडूबी नाई झाले. दाने म्याच खाल्ले, पडल्या पडल्या. डब्यात पोरीचे सागरगोटे हायेत."

कोणी हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही. शेळीनं मान हलवली आणि तिच्या गळ्यातली किल्ली वाजली. मग तुळशीराम हळूच म्हणाला, की लोणच्याचा वास मात्र होता.

नारायणरावांनी निकाल दिला. डबा रिकामा, असं बेबीनं वेळेत सांगितलं होतं. सागरगोटे हा खाऊ नव्हे, म्हणून तिचं उत्तर बरोबर. घर हरलं. खिरापत उद्या याच वेळी, याच जागी. ते ऐकून बेबी रडायला लागली, कारण बरोबर सांगूनही आपल्यालाच रागावलं होतं हे तिला आत्ता पुरतं कळलं. अनशी तिच्याजवळ गेली, फ्रॉकच्या टोकानं तिचं नाक पुसलं आणि तिचा हात धरून तिच्या घरापर्यंत सोडून आली. परत आल्यावर डब्यातून सागरगोटे काढून घेतले. शेजारच्या रुक्मिणीबाईनं दिलेली भाकरी बापानं वाढली ती तिनं खाल्ली, आणि ताट स्वतः घासलं.

दुसऱ्या दिवशी अनशी शाळेत गेल्यावर शालिग्राम सोजराबाईच्या दारात जाऊन उभा राहिला आणि शेंगा मागितल्या. सोजराबाईनं शेळी बोलावली, किल्ली सोडली, कुलूप काढलं, सूपभर शेंगा दिल्या आणि मग शेळीसकट त्याच्या चुलीपाशी येऊन बसली, शेंगांवर नजर ठेवायला.

"काऊन रे, सोलताना तोंड हालून राह्यलं तुहं?"

"नाई हो काकू. दात दुखून राह्यला."

"मंग तोंड उघडून दाखव."

त्यानं दाखवलं. तोंड रिकामं होतं. सोजराबाई जरा ओशाळली, आणि शालिग्रामला वाटलं, काल हिनं असं केलं असतं तर.

तुळशीराम उंबऱ्यावर बसून वासावर लक्ष ठेवणार होता. दाण्यांना किती आच लागते, हे शालिग्रामला आयुष्यात पहिल्यांदाच विचारावं लागत होतं. तो कढईत उलथनं फिरवत राहिला, तुळशीराम मान वर करून हुंगत राहिला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "रुक्मिणीबाईच्या घरी कायतरी करपून राह्यलं वाटते."

तेव्हा कढईतून धूर निघत होता. दुसरे दाणे नव्हते. शालिग्रामनं काळे दाणे निवडायला घेतले, पण काळे काढले तर उरत काय होतं? तसेच कुटले. गूळ घातला. हाताला फोड आला होता तरी लाडू वळले. एखादा लिंबाएवढा, एखादा बोराएवढा, पण वळले.

संध्याकाळी टिपऱ्या वाजत आल्या. गल्लीच्या तोंडापासूनच मुलींच्या नाकाला करपट वास लागला असणार. तो सोजराबाईच्या शेळीलाही लागला होता. शालिग्राम आज बाजेवर बसला नाही. कडुलिंबाला टेकून उभा राहिला.

अनशीनं डबा घेतला आणि हलवला. आत जड, मऊ आवाज झाला. तिनं शालूकडं पाहिलं.

शालू म्हणाली, "करंज्या."

"चूक."

दुसरी म्हणाली शंकरपाळे. तिसरी म्हणाली खारका. कालचीच नावं, कालच्याच क्रमानं. तुळशीरामनं बोलायला तोंड उघडलं, तर नारायणरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. शालिग्रामला आधी बरं वाटलं, की कोणालाच ओळखता येत नाही. मग त्याच्या लक्षात आलं. लहान लेकरानं पाटीवर वाकडातिकडा 'ग' काढला, की मोठी माणसं जशी वा वा म्हणतात, तसं हे चाललं होतं. आणि अनशीनं शाळेत या मुलींना काय काय सांगून विनवलं असेल, ते त्याला ऐकू आल्यासारखं झालं. त्याचे कान गरम झाले.

शेवटी बेबी उरली. तिनं नाक मुरडलं, अनशीकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं.

"काईच नाई त्याच्यात," ती म्हणाली.

"चूक," अनशी म्हणाली. यावेळी मोठ्यानं.

तिनं झाकण काढलं आणि पहिला लाडू बेबीला दिला. मुलींनी लाडू खाल्ले. कोणी तोंड वाकडं केलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या जरा लवकर फिरला. सोजराबाईनं आपला लाडू पदरात बांधला, घरी कुलपात ठेवायला. एक लाडू अनशीनं बापाच्या हातावर ठेवला. तो कडू होता. त्यानं उभ्यानंच सगळा खाल्ला, हाताला चिकटलेलाही.

मुली गेल्यावर तो डबा ठेवायला घरात गेला. फळीवर जागा केली, झाकण लावलं. शेजारचा कोनाडा रिकामा होता. तिथं सागरगोटे नव्हते. अनशी बाहेर मांडवापाशी भुलाबाईच्या पुढ्यातली फुलं गोळा करत होती. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. सागरगोटे कुठं ठेवलेस, हे त्यानं विचारलं नाही.