माझ्या पोटातलं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी बैठक आहे, ध्यानाला बसायची. उशी म्हणाल तर मला राग येतो. उशीवर डोकं टाकून माणसं झोपतात. माझ्यावर बसून ती जागी राहायला शिकतात. सगळी शिकतात असं मी म्हणणार नाही, कारण खोटं बोलायची मला सवय नाही.

मला एका गादीवालीनं शिवलं. जाड कापडाचं पोट, त्यात सावरीचा कापूस, वर गडद निळी खोळ. एका बाजूला तिनं वीतभर शिवण उघडी ठेवली आणि तिला बंद लावले. "कापूस दबला की इथून भरा," ती गिऱ्हाइकाला म्हणाली, "आणि धोपटताना हात आखडू नका. लाडानं हिचं नुकसान होईल." तिचा हात जड होता, पण तिचा टाका अजून उसवलेला नाही. आजच्या बैठकांनी हे करून दाखवावं.

गिऱ्हाईक म्हणजे एक भिक्खुणी. सगळे त्यांना आर्याजी म्हणत. एका छापखान्याच्या माडीवर त्यांचं ध्यानगृह होतं. खाली यंत्रं धडधडत आणि वर माणसं श्वास मोजत. आर्याजी म्हणत, "आवाज आहे तर असू दे. आवाज आहे एवढं कळलं तरी पुरे." शिक्षिका यायच्या, नर्स यायच्या. एक ट्रकवाला सहा महिने आला. त्याचं घरातलं ओरडणं इतकं कमी झालं, की त्याची बायको एकदा जिना चढून आली आणि म्हणाली, "आर्याजी, त्यांना सोडू नका हं. अजून वर्षभर तरी ठेवून घ्या."

तेव्हा माझा मान मोठा होता. नवा माणूस आला की आर्याजी म्हणत, "त्यांना निळी द्या." पुढे स्पंजच्या हलक्या बैठका आल्या, दिसायला गुळगुळीत आणि दोन वर्षांत चपट्या. मला दाराला टेकण म्हणून लावलं. चार पावसाळे मी लोकांच्या चपला पाहिल्या. मी तोंड फिरवून बसले असते, पण मला तोंड नाही.

मग फोनवाली आली.

रुग्णवाहिका पाठवतात त्या कचेरीत ती फोन घ्यायची, म्हणून तिला सगळे फोनवाली म्हणत. ती सात दिवसांच्या मौन-शिबिराला आली होती. स्पंजच्या बैठका संपल्या होत्या, म्हणून मावशींनी मला दारापासून उचललं आणि झटकून तिला दिलं. मावशी म्हणजे तिथलं रांधणं-झाडणं बघणारी बाई. तोंडानं फटकळ, म्हणून मला आवडायची.

मौन सुरू व्हायच्या आधी आर्याजी एकेकाशी बोलत. फोनवाली माझ्यावर बसूनच बोलली. एका बाईचा फोन आला होता, नवरा छाती धरून पडलाय म्हणून. पत्ता लिहिताना हिच्याकडून घराच्या आकड्यांची उलटापालट झाली. गाडी भलत्याच दारात गेली. ती बाई फोनवर विचारत राहिली, गाडी कुठंय. ही म्हणत राहिली, येतेय, येतेय. अकरा मिनिटं. तो माणूस गेला.

"तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यात विचारते," फोनवाली म्हणाली. "डॉक्टरांच्या गोळ्या कधीच्या चालू आहेत."

आर्याजींनी मायेनं तिच्या हातावर हात ठेवला. "इथे मनच औषध आहे, बाळ. सात दिवस त्यालाच देऊन बघ."

एवढंच बोलल्या. पण आर्याजी उठून गेल्यावर फोनवालीनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, माझे बंद सोडले आणि ते पाकीट माझ्या कापसात खोल खुपसलं. रोज सकाळी घ्यायच्या गोळ्या. ती पुटपुटली, "आता तुमची गरज नाही." मला वाटलं, वा, आपल्यावर केवढा विश्वास. मी फुगले.

पहिले दोन दिवस ती खांबासारखी बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. चौथ्या दिवशी ते थरथरणं थांबेना. श्वास मध्येच अडकायचा. ती मान झटकायची, कुणी कानाशी बोलतंय तशी. जेवणाचं ताट परत जायचं. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि हात मांडीवर तसेच, कारण हलायचं नाही, बोलायचं नाही. शेजारच्या बायका तिच्याकडे आदरानं बघत. आर्याजीही तिच्यासमोर थांबल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसून पुढे गेल्या. त्यांना वाटलं, मन धुऊन निघतंय.

मला वजन कळतं, मित्रांनो. अक्षर कळत नसेल, पण वजन कळतं. ती खचत होती. आणि तिला सावरणारी वस्तू माझ्या पोटात होती. तिचं मौन सात दिवसांचं होतं, माझं जन्माचं. त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाची लाज वाटली.

त्या दुपारी मावशींनी बैठका गच्चीवर उन्हात टाकल्या आणि काठी घेतली. स्पंजवाल्यांना दोन-दोन टपल्या. माझ्यावर मात्र पूर्ण हात. तिसऱ्या फटक्याला आतून करकर आवाज आला.

"अगं बाई, तुझ्या पोटात काय गाठ झाली?" म्हणत त्यांनी बंद सोडले. पाकीट हातात आलं. नवंच पाकीट, एकाच कप्प्यातली गोळी घेतलेली, बाकी सगळं भरलेलं. मावशींनी काठी तिथंच टाकली, मला काखेत मारलं आणि ध्यानाच्या भरल्या खोलीत घुसल्या. फोनवाली नुसत्या फरशीवर बसून थरथरत होती.

"हे कुणाचं?"

आर्याजींनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोट खाली घ्या, आर्याजी. निळीवर कोण बसतं ते मला ठाऊक आहे. पण तिच्या तोंडून ऐकायचंय."

खाली यंत्रं धडधडत होती. मग फोनवालीनं डोळे उघडले. "माझं," ती म्हणाली. चार दिवसांनी आवाज फुटला तो घोगरा. "मला आता सगळीकडे ती बाईच ऐकू येतेय. नळ सोडला तरी तीच. मी वेडी होतेय का?"

मावशी तिच्यापाशी बसल्या आणि तिला पोटाशी धरलं. आर्याजी उठल्या. मी त्यांना कधी घाईनं चालताना पाहिलं नव्हतं. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बुद्धांनी आम्हाला चार गोष्टी जवळ ठेवायला सांगितल्या. वस्त्र, अन्न, निवारा आणि औषध. चौथी मी विसरले. चूक तिची नाही, माझी." आणि मौन तिथंच मोडून, पायात चपला न घालता, त्या फोनवालीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. मागून मावशी त्यांच्या चपला घेऊन धावल्या.

डॉक्टर म्हणाले, ही औषधं अशी एकदम तोडायची नसतात. ध्यान करा, पण थोडं, डोळे उघडे ठेवून, कुणीतरी शेजारी असताना. मावशींनी जिन्यात दोघींना हेच तीनदा बजावलं, म्हणून मला पाठ आहे.

आता फोनवाली दर गुरुवारी येते. वीस मिनिटं बसते. आर्याजी समोर बसत नाहीत, शेजारी बसतात. कधी बरं जातं, कधी तिसऱ्या मिनिटालाच मांड्या थरथरतात आणि दोघी उठून चहा घेतात. ती बरी झाली असं मी सांगणार नाही. ती येते, एवढं सांगते.

नव्या माणसाला आर्याजी आता आधी औषधाचं विचारतात आणि ते बंद करायचं नाही असं बजावतात. मौनातही रोज संध्याकाळी प्रत्येकाला बोलावून विचारतात, "आज कसं गेलं?" त्यावर बोलायला परवानगी आहे. मावशींनी तर मौन कधीच पाळलं नाही, त्यांना परवानगी कुणाची लागत नाही.

मित्रांनो, माझी खोळ विरली, कापूस पुन्हा दबलाय. तो भराल तर उपकार होतील, नाही भरलात तरी मी बसायच्या कामाची आहे. पण तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत कुणी फार गप्प बसलेलं दिसलं, तर ते शांत आहे असं लांबून ठरवू नका. माझ्यासारख्या कापडी वस्तूला तोंड नाही. तुम्हाला आहे. जवळ जा आणि विचारा.