फरदीनच्या नावावरची लाल रेघ

मी एक वही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, कापडी कण्याची, दोनशे पानांची. मी सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलंय, काही मात्र ऐकलेलं आहे. ऐकलेल्यातलं पहिलं म्हणजे लतिकावहिनींचा नवस.

गोपीनाथ सरांचं आधीचं कॉलेज बंद पडलं होतं. सर पाच महिने आखातातल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून होते. तेव्हा वहिनींनी दत्तगुरूंपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्यांना पुन्हा शिकवायला मिळू दे. ह्यांच्या हाताखाली जी मुलं येतील त्यांतल्या प्रत्येकाचं नाव मी रोज तुझ्यापुढे घेईन. पोटच्या पोरासारखं." सोळा गुरुवार झाले आणि शारजाकडच्या एका विद्यापीठात सरांना मॅनेजमेंट शिकवायची नोकरी लागली. उद्यापनाच्या दिवशी वहिनींनी मला दुकानातून आणलं, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावलं आणि सरांच्या हातात ठेवलं.

"अगं, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं," सर म्हणाले.

"असू दे. कॉम्प्युटर देव्हाऱ्यात कसा ठेवू मी?"

सर हसले, पण मला घेऊन गेले.

सरांकडे शिकवण्याशिवाय आणखी एक काम होतं, सल्लागाराचं. कोणत्या सत्रात कोणते विषय घ्यायचे हे मुलांनी येऊन सरांना विचारायचं. सरांची सही झाल्याशिवाय नोंदणी व्हायची नाही. एका मुलाला माझ्यातलं एक पान. दुसऱ्या पानावर सरांनी पदवीला लागणाऱ्या विषयांची छापील यादी चिकटवली होती. मूल समोर बसलं की आधी ती यादी उघडायची, मग त्याचं पान, आणि एकेका विषयापुढे बरोबरची खूण करत जायचं.

सरांसारखा शिकवणारा नव्हता. त्यांच्या टेबलाखाली तीन खोकी भरून शिकवायचं सामान होतं. खजुराच्या व्यापाऱ्याची गोष्ट, करामा भागातल्या खाणावळीची गोष्ट, खाडीतल्या गलबतवाल्याची गोष्ट, आणि प्रत्येकीखाली मुलांना विचारायचे प्रश्न. नव्याने लागलेल्या हिबा मॅडम दर सोमवारी यायच्या. "सर, वो खजूरवाला फिर दे दीजिए ना." सर कुणाला नाही म्हणत नसत.

शुक्रवारी दुपारी मी घरी यायची. वहिनी मला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवायच्या आणि नावं वाचायच्या. रुपेश, शिवानी, अफनान, उझमा, फरदीन. इतर दिवशी नावं त्यांना पाठच होती. एखादं नाव अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून.

मग दोन वर्षांपूर्वी ती चूक झाली.

विद्यापीठाने विषयांची यादी बदलली. नवी यादी नव्या मुलांसाठी होती. आधी आलेल्यांना त्यांच्या वर्षाचीच यादी लागू राहणार होती. सरांना हा नियम माहीत होता. पण सर कागद जपणारे. पान कशाला वाया घालवायचं म्हणून त्यांनी डिंक घेतला आणि नवी यादी जुनीच्या अगदी डोक्यावर चिकटवली. चार कोपरे नीट जुळवून, वर हात फिरवून. नियम मनात राहिला तो महिनाभर. पुढे समोर दिसेल तीच यादी खरी झाली.

जुन्या यादीत 'पुरवठा साखळी' नावाचा एक विषय सक्तीचा होता. नव्या यादीत तो नव्हता. माझ्या त्या पानाच्या पोटात दोन्ही याद्या होत्या, सरांना वरचीच दिसत होती. जुन्या वर्षाची पाच मुलं यायची, सर खुणा करायचे, सही करायचे. मला सगळं कळत होतं. पण वहीला तोंड नसतं, पानंच असतात, आणि तीही दुसऱ्या कुणी उघडावी लागतात.

पहिला अडकला फरदीन. उंच, डावखुरा, बोलायच्या आधी हसणारा. शारजातल्या रोला भागात मामाच्या दुकानात काम करून शिकत होता. पदवीच्या अर्जावर कचेरीतून एका ओळीचं उत्तर आलं, अभ्यासक्रम अपूर्ण. सरांना आठवलं की यानं मधे एक विषय सोडला होता.

"सर, तो मी समरमध्ये पूर्ण केला," फरदीन म्हणाला.

"मग नोंद नसेल झाली. तुला किती वेळा सांगितलं, कागद जपून ठेव म्हणून. पुढच्या वर्षी बघू."

"मामा पुढच्या वर्षी ठेवणार नाय, सर."

सर दुसऱ्या मुलाकडे वळले होते. फरदीन परत आला नाही. सत्र संपल्यावर सरांनी त्याच्या पानावर लिहिलं, 'सल्ला पाळला नाही', आणि नावावर लाल रेघ मारली. त्या शुक्रवारी वहिनी रेघेपाशी थांबल्या.

"अहो, हा?"

"सोडून गेला तो."

वहिनींनी ते नाव वगळलं.

यंदा मे महिन्यात तीच एक ओळ उझमाला आली. हुशार मुलगी, पहिल्या पाचांतली. सरांनी कचेरीत फोन केला, तेव्हा कळलं की पुरवठा साखळी राहिलीय. तो विषय पुन्हा जानेवारीत मिळणार होता.

शनिवारी सकाळी तिचे वडील तिला घेऊन घरी आले. तय्यबभाई, मूळचे हर्णैचे, वीस वर्षं शारजात.

"सर, आमची कंपनी खलास झाली," ते म्हणाले. "तीस जूनला आमी गावाला. पोरीला नोकरी मिळालीय, जुमेरा लेक टॉवर्समधे. पण ते डिग्रीचा कागद मागतायत. कागद नाय तर व्हिसा नाय. मग ती पण आमच्याबरोबर हर्णैला. तिथं काय करंल, मासळी मोजंल?"

"मी सांगितलं असणार तिला," सर म्हणाले. "लक्ष दिलं नसेल."

उझमा खाली बघत होती. "सर, यू टिक्ड. आय टूक. दॅट्स ऑल आय डिड."

"सरांशी असं बोलतात?" तय्यबभाई तिला म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

वहिनींनी कोकम सरबत आणून ठेवलं. कुणी हात लावला नाही.

विद्यापीठात अशा अडचणीसाठी एक अर्ज असतो. त्यात सल्लागाराने दोनपैकी एका चौकोनात खूण करायची. एकात, विद्यार्थ्याने सल्ला पाळला नाही. दुसऱ्यात, सल्ला चुकला. दुसऱ्यात खूण झाली तर समिती एखादा जवळचा विषय त्या जागी धरू शकते, आणि उझमाने प्रकल्प व्यवस्थापन घेतलेलं होतं. पण सरांचा करारही जूनअखेर संपत होता, नव्याचं पत्र यायचं होतं. ती माणसं गेल्यावर सरांनी पेन उघडलं, पहिल्या चौकोनावर धरलं, आणि तसंच बंद केलं. "उद्या बघू," म्हणाले.

त्या आठवड्यात घरातला एसी बंद पडला होता. समुद्रावरची ओल भिंतींना धरली, तशी मलाही. डिंक सुटला आणि दुसऱ्या पानाचा कोपरा वर आला. रविवारी नावं वाचताना वहिनींना तो दिसला. त्यांनी उरलेल्या भाताची खळ केली, बोटावर घेतली आणि कोपरा उचलला. खाली आणखी एक यादी.

मी तेव्हा जितकी प्रार्थना केली तितकी कधी केली नव्हती. बाई, थोडं अजून उचला.

त्यांनी उचललं. वर्ष वाचलं. खालून तिसरी ओळ वाचली, पुरवठा साखळी, सक्तीचा. बोटावरची खळ पुसली. मग मला घेऊन बाहेर आल्या.

"अहो, हे बघा."

सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "खळ केलीच आहेस, तर चिकटवून टाक."

"नाही."

"लतिका, माझं पत्र यायचंय. हे वर आलं तर आपणही बॅगा भरायच्या. माहितीय ना तुला? या वयात मला कोण घेणार?"

"माहितीय. ते पाच महिने मीही होतेच की या घरात." वहिनींचा आवाज बारीक होता. "पण सकाळी मी त्या पोरीचं नाव घेते. उद्या देव मला विचारेल, हिचं बिघडवलं कुणी? काय सांगू?"

"देव विचारत नसतो."

"तुम्हाला नसेल."

सर उठून गॅलरीत गेले. भर दुपारची वेळ, बाहेर उभं राहवत नव्हतं, तरी उभे राहिले. आत आले ते शर्ट भिजवून, आणि अर्ज मागितला.

समितीपुढे सरांनी मला टेबलावर ठेवलं आणि वरची यादी स्वतःच्या हाताने उचलून धरली. "चूक माझी आहे. मुलीने मी सांगितलं तेच केलं."

"प्रोफेसर, हे लेखी द्याल?" अध्यक्षांनी विचारलं.

सरांनी लिहून दिलं. उझमाचा विषय धरला गेला. चौथ्या दिवशी तय्यबभाईंचा फोन आला. "सर, कागद मिळाला," म्हणाले आणि त्यांनी फोन उझमाकडे दिला.

इथे माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण त्या दिवशी समितीच्या खोलीतून निघताना, तिथे नोंदी घ्यायला बसलेल्या हिबा मॅडमनी हळूच विचारलं, "सर, पुरानी लिस्टवाले और भी थे?"

सर तिथेच बसले आणि माझी पानं उलटू लागले. पाचांपैकी तिघांनी आवड म्हणून तो विषय घेतलेला होता, ती सुटली होती. चौथी उझमा. पाचव्या पानावर लाल रेघ होती, आणि खाली त्यांच्याच अक्षरात, सल्ला पाळला नाही. सरांनी अंगठ्याने ती रेघ घासली. शाई वाळून वर्ष झालं होतं.

आता सरांना एका सत्राचंच पत्र मिळालंय आणि सल्लागाराचं काम काढून घेतलंय. माझी साठ पानं कोरी आहेत, ती तशीच राहतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते तारखेचं. समितीने सांगितलंय की फरदीनने सप्टेंबरअखेर स्वतः येऊन अर्ज केला, तर त्याचाही विषय धरू. नंतर त्याची फाइल कायमची बंद. आज सतरा तारीख आहे.

त्याचा नंबर लागत नाही. मामाचं दुकान उठून गेलंय. शेजारचा चहावाला म्हणतो अजमानला गेला, त्याच्या पलीकडचा म्हणतो सलालाला. उझमा तिच्या बॅचच्या ग्रुपवर रोज विचारते. सर ईमेल लिहितात आणि ते परत येतात.

वहिनींनी पुन्हा गुरुवार धरलेत. या वेळी त्या घरी बसून उपास करत नाहीत. मला पिशवीत घालून शारजाची बस धरतात, दुकानादुकानातून जातात आणि मोडक्या हिंदीत विचारतात, "भाईसाहब, फरदीन नाम का लडका? लेफ्ट हँड से लिखता है." लोक मान हलवतात. कुणी पाणी देतं, उपास निर्जळी असला तरी त्या ते घेतात. गेल्या गुरुवारी एका शिंप्याने विचारलं, "आपका बेटा है?" वहिनी हो म्हणाल्या.

वाचणाऱ्या माणसा, तू जिथे कुठे असशील, अजमानला, मस्कतला, नाहीतर रत्नागिरीला, तुला असा मुलगा भेटला तर त्याला एवढं सांग, की चूक त्याची नव्हती आणि तेरा दिवस उरलेत. आणि तुझ्याही एखाद्या सल्ल्याने कुणी आडवाटेला लागलं असेल, तर तूही एक गुरुवार धर. सकाळी देवापुढे त्याचं नाव घे, चपला घाल, आणि उन्हं चढायच्या आत विचारत निघ.