एकदाच विचारलं

माझ्या मुलीने, सोर्खाने, सहलीला येतेस का म्हणून मला एकदा विचारलं. एकदाच. पोस्टाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढली की माणूस सगळं मोजायला शिकतो.

ऑक्टोबरच्या सुट्टीत पोरांना घेऊन तीन दिवस मेयोला जायचं, असं त्यांचं चाललं होतं. मेयो म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं माझं माहेर. डब्लिनला येऊन बेचाळीस वर्षं झाली, तरी पाऊस कुठून येतोय ते मी अजून तिकडच्याच हिशेबाने बघते. सोर्खा दारातच उभी होती, हातात गाडीची किल्ली.

"आई, येतेस का आमच्याबरोबर?"

"छे गं, मी कशाला मध्ये. तुम्ही जाऊन या."

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं की गुडघ्याचं सांगायचं. तिसऱ्या आग्रहाला "आता तू एवढं म्हणतेसच तर" असं म्हणून कोट शोधायला लागायचं. माझी आई अशीच सगळीकडे गेली, तिची आईही. सोर्खा मात्र "बरं" म्हणाली, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गुरुवारी सगळे माझ्या स्वयंपाकघरात हजर. सोर्खा, माझा जावई डेक्लन, आठ वर्षांची फिया आणि पाच वर्षांचा ओरान. कशासाठी, तर माहिती हवी होती. मी चहा ओतला, ब्रेड कापला, आणि सोर्खाने टेबलावर कागद पसरला. शनिवारी समुद्र, रविवारी घोड्यावरून रपेट, सोमवारी परत. कुठला किनारा पोरांना धोक्याचा नाही, दूध कुठे मिळतं, रविवारी दुकान कितीला उघडतं, ते मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी जणू चौकशीची खिडकी.

"राहणार कुठे?" मी विचारलं.

डेक्लनने फोन पुढे केला. "जुनी शाळा आहे. फार सुंदर केलीये हो."

मी चष्मा लावला. ती माझी शाळा होती. बाईंची छडी जिथे टांगलेली असायची तिथे आता "निवांत श्वास घ्या" अशी पाटी. मुलांच्या संडासाचं वाफेच्या स्नानाचं घर केलेलं. भिंतीवर कोटांच्या खुंट्या मात्र तशाच, शोभेसाठी ठेवलेल्या. चौथी माझी.

"पाच जणांना ऐसपैस आहे," सोर्खा म्हणाली.

"तुम्ही तर चौघं."

सोर्खा कागदाच्या घड्या सरळ करायला लागली. मग ओरानने तोंडातला घास न गिळताच सांगून टाकलं, "कॉन्सेप्टा आजी येणारे."

कॉन्सेप्टा म्हणजे आमच्या विहीणबाई, डेक्लनच्या आई. किल्डेअरच्या. मेयोत त्यांचं एक कुत्रंसुद्धा कधी पुरलेलं नाही.

"त्यांना किती वेळा विचारलंस?" मी म्हटलं.

"किती वेळा म्हणजे? विचारलं, त्या हो म्हणाल्या."

"पहिल्याच वेळी?"

"हो, आई. माणसं म्हणतात हो."

बाईला काही लाज? साठी उलटलेली, रोज चर्चला जाणारी बाई, आणि पहिल्या विचारण्याला हो!

"मला तू एकदाच विचारलंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणालीस."

"म्हणाले. मग?"

"आई, ऑफिसात आमचं शिबिर झालं. समोरचा जे बोलतो ते तसंच धरायचं, त्याच्या मनातलं ओळखत बसायचं नाही. तो त्याचा मान असतो."

"माझा मान उचलून किल्डेअरच्या बाईला दिलास ते बरं केलंस."

डेक्लन ब्रेडला लोणी लावत बसला होता. लावून झालेल्यालाच परत लावत होता. फिया माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आजी, तुला यायचंय का?"

मी तोंड उघडलं. "नाही गं राणी" जिभेवर तयारच होतं. पण हे पोर आईच्या वळणाचं. ते "बरं" म्हणणार, आणि माझ्या खुंटीवर कॉन्सेप्टाचा कोट लटकणार.

"यायचंय," मी म्हटलं.

असं सरळ मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. कान तापले. सोर्खाने माझा हात धरला आणि म्हणाली, "बघ, किती सोपं होतं. मला तुझा अभिमान वाटतो." माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच चहा पिऊन, मला शाबासकी. मी हात सोडवून घेतला.

"गाडीत जागा पाचच," ती मग म्हणाली. "आणि आता कॉन्सेप्टांना नको कसं सांगायचं?"

"त्यांना कशाला सांगायचं? येऊ देत की. शाळा मी दाखवीन."

डेक्लनने सुरी खाली ठेवली. "मी बसने येतो. कॅसलबारला उतरून पुढची बस घेईन. मला काही नाही हो, खरंच. उलट मजा येईल."

हा पोरगा आमच्यातला आहे. दोन बस, मध्ये तास-दीड तास थांब्यावर, वर मेयोतला ऑक्टोबरचा पाऊस. त्याला काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. सोर्खाकडे त्याने एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाट बघत राहिला.

"बरं," मी म्हटलं.

मग सोर्खाचा कागद माझ्यापुढे ओढून घेतला. शनिवारी चार वाजता त्यांनी समुद्र लिहिला होता, भर भरतीच्या वेळी. मी तो खोडून सकाळी अकराला घातला.