तात्याबाच्या मांडीवर टेकलेला विळा

मी एक जुना विळा हाय, मित्रांनो. माझ्या पात्यावर गवताचे डाग थोडे, जाळाचे जास्त.

लासुर्ण्याच्या बाजारात पाल टाकून बसलेल्या घिसाड्यानं मला ट्रकच्या मोडक्या पाट्यातनं घडवला. घन त्येची बायको मारत हुती, आन नाव मातुर त्येचं झालं. तितनं मला तात्याबानं घेतला. त्येची तवा मेंढरं हुती. मी बाभळीचा पाला पाडायचो. एखादी मेंढी लंगडाया लागली, की तात्याबा माझं टोक गवरीच्या जाळात लाल करायचा आन तिच्या मांडीच्या फऱ्यावर टेकवायचा. आठ-पंधरा दिसांत मेंढी चालायची. आता वाटतं, निम्मी तर नुसती बसूनच बरी झाली असतील. पन नाव तात्याबाचं झालं. मग मानसं बी याया लागली. कुनाची कंबर, कुनाचा खांदा. तात्याबाचा डाग फुकट जात न्हाय, असं पार माळेगावापोतर बोलायची.

पुढं मेंढरं इकली, रानात ऊस आला. मला छपराच्या वळचणीला खोचला, तितंच मी गंजलो.

सत्त्यान्नव साली तात्याबाच्या छातीत कळ आली. बारामतीच्या डॉक्टरनं रगात तपासलं, चरबी वाढली म्हनला, रोज रात्री एक गोळी दिली. तात्याबा हसला. मेंढराला चरबी आली तर भाव यायचा, म्हनला, आन मला आली तर गोळी.

दिवाळीनंतर त्येच्या मांड्या दुखाया लागल्या. मग दंड. खाली बसला की उठायला सारजाबाईचा, म्हंजी बायकोचा, हात लागायचा. शेजारचा गेणबा बांधावरनं म्हनायचा, "तात्या, ऊस टोळीनं तोडला आन दमलास तू?" तात्याबाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला बी गेणबाचा लई राग यायचा, पन वळचणीतनं काय करनार?

पोरगा नागेश लोणी देवकरला कंपनीत हुता. त्यो म्हनला, आता तपासायला जाशील तवा डॉक्टरला सांग. तात्याबा गेला. डॉक्टरनं नळी लावली, छाती दुखती का इचारलं, दम लागतो का इचारलं. न्हाय म्हनला. मग चालू ठेवा गोळी, म्हनला डॉक्टर.

घरी आल्यावर सारजाबाई उंबऱ्यातच भांडली. पायाचं का न्हाय बोललास?

"त्यो छातीचा डॉक्टर हाय," तात्याबा म्हनला. "पायाचं त्येला काय सांगायचं? पायाचं औषिद माझ्या घरात हाय."

त्येच सांजंला मला वळचणीतनं काढला.

सारजाबाईनं माझं टोक गवरीच्या जाळात लाल केलं. तात्याबानं धोतर वर केलं आन नुसतं 'टेकव' म्हनला. मी एका मांडीवर टेकलो, मग दुसऱ्या. मेंढरं तरी वरडायची. त्यो वरडला न्हाय.

कातडं जळलं, दुखनं आत तसंच. गोळी रोज चालूच. हळूहळू त्येला पान्याचा तांब्या बी उचलंना. मग एक दिस लघवी काकवीगत काळी झाली. नागेशनं त्येला पाठीवर घेऊन जीपमधी घातला आन बारामतीला न्हेला.

तिथलं सारजाबाईनं नंतर सांगितलं, म्हनून मला म्हाईत. डॉक्टरनं आधी डाग बघितलं आन भडकला, अडाणी म्हनला. मग मांड्या दाबल्या, कधीपासनं दुखतंय इचारलं, आन खुर्चीत बसला.

"या गोळीनं एखाद्याचे स्नायू असे विरघळतात," त्यो म्हनला. "त्याचा कचरा मूत्रपिंडात अडकतो. दुखायला लागलं तेव्हाच कळलं असतं तर गोळी बंद करून दुसरा उपाय केला असता. मला सांगितलं का नाही?"

"तुमी छातीचंच इचारलं, साहेब," सारजाबाई म्हनली.

डॉक्टरनं गोळी बंद केली आन पुन्याला चिठ्ठी लिवली.

तात्याबाला पुन्याला न्हेला, मशीनवर ठेवला. आला त्यो घोंगड्यात. तोंड झाकूनच.

पावसाळ्याच्या तोंडाला गेणबा मला मागाया आला. छबूबाईचं, त्येच्या बायकोचं, अंग धरलं हुतं, खांदं उचलत नव्हतं. सारजाबाईनं मला वळचणीतनं काढला, पन त्येच्या हातात दिला न्हाय.

"छबूला गोळ्या कुठल्या चालू हायत?"

"चरबीची हाय एक, इंदापूरची. त्येचा काय संबंध?"

"ती पुडी घे, छबूला घे आन उद्या पयल्या गाडीनं जा. न्हाय इचारलं तरी सांग. समदं अंग सांग."

गेणबा गेला, आन सारजाबाई मला घेऊन हिरीवर आली. कठड्यावरनं मला आत धरला. मग सोडला.

तवापासनं मी तळाला गाळात हाय. मित्रांनो, गोळी वाईट न्हाय, लई जनांना ती जगवती. आपल्या मनानं बंद बी करू नगा. पन घरात कुनी नवी गोळी खात आसंल आन त्येचं अंग दुखाया लागलं, लघवी काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. त्यो कशाचा बी डॉक्टर आसू दे.

आन मला काढाया हिरीत गळ टाकू नगा.