देवदाराखालचा डोह कुणाचा

हिमाचलातल्या ट्राउट माशांच्या नदीवर दरवर्षी हैदराबादची पाच-सहा मराठी मंडळी गळ टाकायला जायची. कुठला डोह कुणाचा, हे आधीच नारायणगुड्याला उदयरावांच्या घरी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. निघालेली चिठ्ठी बदलायची नाही, हा मंडळाचा रिवाज. यंदा लक्ष्मणराव नव्हते; पावसाळ्यात वारले. एरवी त्यांच्या मागोमाग येणाऱ्या त्यांच्या पत्नी तारामतीबाई काचीगुड्याच्या घरून एकट्याच आल्या, आणि चिठ्ठ्यांच्या वाटीत हात घातला तर काय, सगळ्यांचा जीव ज्याच्यावर तोच देवदाराखालचा डोह त्यांना निघाला.

झालं! एकेकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“वहिनी, तिथं पाण्याला ओढ फार,” उदयराव म्हणाले. “तुम्ही गेस्ट हाउसजवळचा घ्या. उथळ आहे, खुर्ची टाकून देऊ. आमच्या चहाबिहाचंही बघता येईल.”

“चहाच करायचा तर काचीगुडा काय वाईट आहे? नक्को. चिठ्ठी माझी, डोह माझा.”

बाई उगाच हटून बसल्या नव्हत्या. तीन वर्षांमागं त्याच डोहात त्यांच्या गळाला हातभर लांब ट्राउट लागला होता. रॉड वाकला तसे लक्ष्मणराव धावत आले. ‘अगं, तुला झेपायचा नाही, आण इकडं,’ म्हणत त्यांनी रॉड हिसकावला आणि घाईघाईत असा ओढला की दोरा तुटून मासा गेला. वर शेवटपर्यंत चारचौघांत सांगत राहिले, हिच्यामुळं सुटला म्हणून. नवरा देवमाणूस होता, पण तो राग काही बाईंच्या मनातून गेला नाही. त्यांना एकदा तरी त्याच पाण्यात स्वतःच्या हातानं मासा खेळवत, दमवत बाहेर काढायचा होता.

उदयरावांनी मग मधला मार्ग काढला. “बरं, तुमचंच खरं. हे आपले विवेकराव शेजारी उभे राहतील. मासा लागला की रॉड तेवढा त्यांच्याकडं द्या.”

आता मात्र बाईंचं डोकं सणकलं.

“विवेकराव आले तर आधी त्यांना पाण्यात ढकलीन, मग माशाकडं बघीन. पाय घसरला तर माझा घसरेल. मासा सुटला तर माझ्या हातून सुटेल. तेवढा तरी हक्क माझा आहे की नाही?”

“मी नाही बाबा यांच्या जवळ जात,” विवेकराव म्हणाले.

उदयरावांनी वाटी पुढच्या माणसाकडं सरकवली.