उतारावरचं न्यूट्रल

"बाबा, अमृतराव शेठची गाडी तुमीच बिघडवली का?"

विचारलं एकदाचं! दामिनीनं मधल्या सुट्टीत पैजच लावली होती, "हिंमत असंल त विचारून दाखव." बाबा शेठचे ड्रायव्हर, आणि शेठची पोरगी चंचल आमच्याच वर्गात. तेजूच्या, म्हणजे माझ्या, बाबांनी नव्या गाडीची वाट लावली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, बाबा हसतील, नाहीतर मलाच रागावतील.

बाबा म्हणाले, "हो."

ती छोटी एसयूव्ही आपोआप गिअर बदलणारी. बाबांचा जन्म क्लचवाल्या गाड्यांवर गेलेला. निर्मलच्या घाटात उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि मालकाचं तेल वाचवायचं, ही इकडच्या ड्रायव्हरांची रीतच. नव्या गाडीतही त्यांनी तेच केलं, पण असल्या गाडीला ते चालत नाही. आधी गाडी झटके देऊ लागली. मग इंजिन नुसतं गुरगुरायचं, गाडी जागची हलेना.

मी लगेच मोबाइल पुढे केला. "हे पाहा ना बाबा! याच गाडीचे किती मालक बोंबलून राह्यले. हेच झटके, हेच इंजिन गुरगुरणं. सगळेच थोडी न्यूट्रल टाकतात? कंपनीचाच दोष आहे!"

"असंल बी. पण शोरूमवाल्यानं मले विचारलं, उतारावर काय करता? मी सांगून टाकलं."

तेवढ्यावरून शोरूमनं फुकट दुरुस्ती नाकारली आणि शेठनी बाबांना घरी बसवलं. आज त्यांचा निरोप आला होता : उद्या शोरूमला चल, चुकून बोललो म्हण, मग कामावर ये.

"मोठे सत्यवादी लागून गेले!" आई भाकरी थापता थापता म्हणाली. "म्हणा ना, चुकून बोललो. शेठनंच फी भरून पोरीले चंचलच्या शाळेत टाकलं. तुमचं काम गेलं का तिची शाळा बी गेली."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी खुंटीवरून ड्युटीचा पांढरा शर्ट काढला, मांडीवर घेतला, हातानंच त्याच्या सुरकुत्या सारख्या करत बसले. त्यांचा डावा पाय फरशीवर दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. तिथं क्लच असावा तसा.

"उद्या जातो," ते हळूच म्हणाले.

मी मोठ्यानंच बोलले.

"आई, बाबा, आयका. मी त्या शाळेत जाणार नाही आता. उद्या सरकारी शाळेत नाव घालते."